नवव्या दिवसाचं जेवण

"हे बघ," रणनवरे सिस्टर म्हणाल्या, "अठरा तारखेला पहाटे मल्लिनाथ गेले. आणि एकोणीस तारखेला डॉक्टर त्यांना तपासून गेलेत. दोनदा."

त्यांनी बिलाचं पान माझ्याकडे फिरवलं आणि त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच धरून मी वाकून बघितलं. बिल सगळं इंग्रजीत, मला नुसते आकडे कळायचे.

"चूक झाली असेल," मी म्हटलं.

"एखादी असती तर चूक म्हटलं असतं. बावीस पानांत मला चौदा सापडल्यात, अजून अर्धं बिल वाचायचं राहिलंय."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आम्ही सोलापुरात जोडभावी पेठेत राहायचो. हे गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. एका वेळी चाळीस थर कापड एकावर एक ठेवून मशीननं कापायचे, आणि एकही चड्डी लहानमोठी व्हायची नाही. बोलणं कमी. मी दिवसभर बोलायची आणि हे 'हं' म्हणायचे. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एकुलती मुलगी अंबिका, ती लग्न होऊन बेळगावला.

त्या वर्षी मे महिन्यात यांना न्यूमोनिया झाला. सात तारखेला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, सांगून आता काही व्हायचं नाही. भरती करताना एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. मला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मी टेबलाला धरून बसले. त्यानं विचारलं, "शुगर आहे का?" मला वाटलं मलाच विचारतोय. मी म्हटलं, "आहे. दहा वर्षं झाली." त्यानं लिहून घेतलं. यांच्या कागदावर.

यांना आयुष्यात कधी शुगर नव्हती. पण विमा कंपनीनं तेवढंच धरलं. जुना आजार लपवून विमा घेतला, असं त्यांचं म्हणणं. आठ वर्षं बँकेतून हप्ते कापले जात होते. हॉस्पिटलातल्या विम्याच्या खिडकीवर मला सांगितलं, यांचे आधीचे रिपोर्ट आणा, शुगर नव्हती असं दाखवा. मी घरी जाऊन कपाट उपसलं, सापडले तेवढे कागद नेऊन दिले. तरी दोन दिवसांनी नकार आला. नकार आला तसं हॉस्पिटलनं बिल नव्यानं केलं आणि ते ऐंशी हजारांनी वाढलं. यांना घरी आणायच्या आधी माझ्याकडून दोन चेक लिहून घेतले. तारीख जुलै अखेरची. खात्यात तेवढे पैसे नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं.

रणनवरे सिस्टर मागच्या गल्लीत राहायच्या. सिव्हिल हॉस्पिटलात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. तेराव्यानंतर भेटायला आल्या, टीव्हीखाली ठेवलेलं बिल बघितलं, पिशवीतून चष्मा काढला आणि वाचायलाच बसल्या. तेव्हापासून रोज दुपारी येत होत्या.

अंबिकाचा फोन यायचा. "आई, भरून टाक. हे आणि मी मिळून पाठवतो. बाबा गेले, आता त्या बिलाशी काय भांडायचं?"

"बघते," मी म्हणायची.

खरं सांगायचं तर मी भांडत नव्हते. मला त्या बिलाची गोडी लागली होती. असं कसं म्हणायचं, पण होती.

आयसीयूत कुणाला सोडायचे नाहीत. मी तळमजल्यावर बाकावर असायची. संध्याकाळी पाच मिनिटं वर न्यायचे, तेही काचेबाहेरून. तिसऱ्या दिवशी नळी घालायच्या आधी तेवढं मला आत नेलं होतं. यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून हे काहीतरी बोलले. मास्कमधून नुसती घरघर ऐकू आली. मागे तिथल्या सिस्टर घाई करत होत्या. मी घाबरून "हो, हो" म्हटलं आणि मान हलवली. यांनीही मान हलवली, जणू काम झालं. मग मला बाहेर काढलं. काय विचारलं होतं आणि मी कशाला हो म्हटलं, ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस हे कसे होते ते मला कुणीच सांगितलं नाही. ते सगळं होतं फक्त त्या बिलात.

"ह्या दिवशी काय केलं यांना?" मी सिस्टरांना विचारायची.

"कुठल्या?"

"ह्या. अकराला."

सिस्टर बोट फिरवायच्या. "अकराला ताप चढलेला दिसतो. औषध बदललंय. दुपारी छातीचा फोटो काढलाय. हे जेल आहे ना, पाठीला लावायचं. म्हणजे कुशीवर वळवत होते. चांगलं आहे."

"दुखत असेल?"

"गुंगीचं औषध चालू होतं. नाही दुखत."

असे आम्ही एकेक दिवस पुढे सरकत होतो. एकदा सिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "महादेवी, तू पैसे शोधायलीस का दुसरं काय?"

मी पुढचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी परत पेन्सिल उचलली, पण त्या दिवसापासून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून सांगायला लागल्या. लबाडीची नसली तरी.

नवव्या दिवशी, म्हणजे पंधरा तारखेच्या पानावर, त्या थांबल्या. हसल्या.

"सापडले चोर. हे बघ. सॉफ्ट डाएट, एक. म्हणजे मऊ जेवण. आणि वरच्याच ओळीत व्हेंटिलेटर, पूर्ण दिवस. घशात नळी असलेला माणूस जेवतो का? यावर त्यांना उत्तरच देता यायचं नाही."

मी ती ओळ बघत राहिले.

"सिस्टर, जेवले असतील तर?"

"कसे जेवतील? नळीतून दूध जातं पोटात, ते वेगळं लावलंय. हे जेवण आहे. ताटलीतलं."

"पण एखाद वेळी नळी काढली असेल. मग जेवले असतील. मग व्हेंटिलेटरची ओळ खोटी."

सिस्टरांनी चष्मा काढला. मला पुढचं कळत होतं आणि त्यांनाही. जेवले असतील तर हे जागे होते. जागे असतील तर मला कुणी बोलावलं का नाही? मी खालीच होते. जिन्याच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या, मी मोजल्या होत्या.

"नसतीलच जेवले," सिस्टर म्हणाल्या. "उगं मनाला लावून घेऊ नकोस. मी जन्म घालवलाय ह्यात. हे जेवण बिलात चिकटवलेलं आहे."

सिस्टरांनी रीतसर पत्र लिहिलं आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. बिलाच्या विभागाचा प्रमुख तडवळकर नावाचा तिशीतला माणूस होता. बोलायला नम्र. त्यानं आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या, पाणी मागवलं, आणि लाल रेघांचं बिल चाळायला लागला. एकोणीस तारखेची तपासणी बघून त्यानं कान खाजवला.

"हे काढतो. परत केलेली औषधं वजा झालेली नाहीत, तीही करतो. विमा नाकारल्यावर दर वाढवलेत ते..." तो थांबला. "त्यावर वरिष्ठांशी बोलावं लागेल."

"बोला," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर आम्ही कलेक्टर ऑफिसात बोलू."

"आणि हे जेवण. हा तर सरळ घोळ आहे, मॅडम. काढून टाकतो."

"घोळ आहे की खरं आहे?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. "म्हणजे? काढतोय मी."

"काढू नका. आधी सांगा, ते जेवले का नाही."

सिस्टरांनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तडवळकर गोंधळला. "मॅडम, तुमचाच फायदा आहे. एकशे चाळीस रुपये आहेत. शिवाय व्हेंटिलेटरही अर्ध्या दिवसाचा करतो, चालेल?"

"अर्ध्या दिवसाचा का?"

"तडजोड म्हणून."

"मला तडजोड नको. त्या दिवसाचे कागद द्या."

त्यानं सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर निवृत्त झाल्या असल्या तरी त्यांचा सिव्हिलमधला आवाज गेला नव्हता. "केसपेपर मागायचा हक्क आहे तिला. अर्ज दिला की तीन दिवसांत द्यायला लागतात. कागद द्या, अर्ज आत्ता लिहिते."

तीन दिवसांचे सात झाले, पण कागद मिळाले. जाडजूड गठ्ठा होता. आम्हाला घरापर्यंत धीर नव्हता. हॉस्पिटलच्या आवारात लिंबाखाली कट्टा होता, तिथंच बसलो. सिस्टर पानं उलटत पंधरा तारखेपर्यंत गेल्या. वाचायला लागल्या आणि त्यांचे ओठ हलायचे बंद झाले.

"काय आहे?"

"थांब."

"सिस्टर, काय आहे?"

त्यांनी पान मांडीवर सपाट केलं. सावकाश सांगायला लागल्या. "नऊ चाळीसला नळी काढली. स्वतः श्वास घेतात का बघायला. अकराला, पेशंट शुद्धीवर. बोलतो. सव्वाबाराला मऊ जेवण दिलं. तोंडानं घेतलं." त्या थांबल्या. "तीन पन्नासला श्वास परत अवघड झाला. नळी घातली."

"मधलं एक वाचलं नाही तुम्ही."

"कुठं?"

"अकरा आणि बाराच्या मध्ये अजून एक ओळ आहे."

सिस्टरांनी पान दुमडलं. मी त्यांचा हात धरून ते उलगडलं. त्यांनी नाइलाजानं वाचलं. "पेशंटनं नातेवाइकांची चौकशी केली. नातेवाईक विम्याच्या कागदांसाठी घरी गेले आहेत, असं कळवण्यात आलं."

पंधरा तारीख. मी कपाट उपसत होते तो दिवस.

सकाळी साडेदहाला विम्याच्या खिडकीवरच्या बाईनं मला पाठवलं होतं. परतायला साडेचार वाजले. आल्यावर आधी त्याच खिडकीच्या रांगेत फाईल घेऊन पाऊण तास उभी राहिले. संध्याकाळी काचेबाहेर नेलं तेव्हा घशात नळी रोजच्यासारखीच होती. शेजारून डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, "सकाळी बरे होते, दुपारी पुन्हा खालावले." डॉक्टर रोजच असं काहीतरी म्हणायचे. मी मान हलवली होती.

कट्ट्यावर मी रडले नाही. मी म्हटलं, "ह्या सिस्टर कोण?" कागदावर खाली सही होती.

"ज्योत्स्ना तळभंडारे," सिस्टरांनी वाचलं. मग म्हणाल्या, "महादेवी, दोन महिने होत आले. तिच्या हाताखालून शंभर पेशंट गेले असतील. तिला काय आठवणार?"

"नाही आठवलं तर नाही. विचारून तर बघू."

ती नोकरी सोडून मोहोळला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात गेली होती. सिस्टरांनी कुणाकुणाला फोन करून पत्ता काढला. पुढच्या रविवारी एसटीनं आम्ही दोघी मोहोळला गेलो. ज्योत्स्ना चोविसेक वर्षांची, बारीक, केस घट्ट बांधलेली. आम्हाला बघून आधी घाबरली. तक्रार आहे असं वाटलं तिला. दवाखान्यामागे कपडे वाळत घालायची जागा होती, तिथं घेऊन गेली.

"तक्रार नाही गं," सिस्टर म्हणाल्या. "हिला नुसतं विचारायचंय."

मी यांचा फोटो पुढे केला. तिनं बराच वेळ बघितला. "फोटोत तब्येत चांगली आहे ओ. ओळखू येत नाहीत." मग एकदम म्हणाली, "हे सहा नंबर. नळी काढली होती ते. मुगाची खिचडी दिली होती मी, पातळ करून. वाटी पुरी संपवली."

तिनं उलटी बादली पुढे सरकवली. मी बसले.

"काही बोलले?"

"आवाज बसला होता. नळी काढल्यावर बसतोच. तुमची चौकशी केली त्यांनी. मी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला, तो बंद होता."

"तो यांचाच नंबर. फोन मी घरी ठेवला होता, बंद करून."

"मग मी खाली विचारलं. तर विम्याच्या काउंटरवरून कळलं, त्या कागद आणायला घरी गेल्यात, दुपारपर्यंत येतील. मी तसं काकांना सांगितलं. आमच्या मनात होतं, तुम्ही आलात की वर घ्यायचं. सुधारले होते ते. घाई नाही वाटली आम्हाला." तिनं मान खाली घातली. "चुकलंच."

"मग काय म्हणाले?"

"मग..." ती आठवायला लागली. वाळत घातलेल्या दुपट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मग विचारलं, बाहेर ऊन किती आहे. मी म्हटलं, लय आहे काका, त्रेचाळीस म्हणायलेत. तर म्हणाले, ती रिक्षा करायची नाही. चालतच जाईल."

सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या.

"अजून?"

"अजून काही नाही ओ. खिचडी खाल्ली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघायचे. थोड्या वेळानं म्हणाले, आत्ता पोचली असेल." ती माझ्याकडे बघून थांबली. "माझी ड्यूटी दोनला संपली. जाताना मी म्हटलं, काका, येतीलच आता त्या. त्यांनी हात वर केला. नंतर दोन दिवस मला सुट्टी होती. आले तर सहा नंबरला दुसरा पेशंट होता."

त्या दिवशी मी कन्ना चौकात बसमधून उतरून घरापर्यंत चालतच गेले होते. हातात काही नव्हतं, छत्री नाही, डोक्यावर पदर घेतलेला. रिक्षावाल्यानं तीस रुपये सांगितले म्हणून नको म्हटलं होतं. घरी पोचून माठातलं पाणी प्यायले आणि कपाट उघडलं तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हणजे यांचा हिशोब बरोबर होता.

दोन महिने मी एकच चित्र बघत होते. हे आत एकटे पडलेत, मी कुठं आहे ते यांना माहीत नाही, आणि मला हे कसे आहेत ते माहीत नाही. पण यांना माहीत होतं. मी चौकात कधी उतरले, कुठल्या गल्लीनं वळले, कधी कुलूप काढलं, सगळं यांनी तिथून पडल्या पडल्या बघितलं. बघता आलं नाही ते मला. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा नुसते कागद होते.

परतताना बसमध्ये सिस्टरांनी खिडकीची जागा मला दिली. लांबोटी गेल्यावर म्हणाल्या, "मी म्हटलं होतं चिकटवलेलं आहे. तेच तेवढं खरं निघालं."

केसपेपरमध्ये हॉस्पिटलातच रोज चार वेळा तपासलेली यांची शुगर लिहिलेली होती, सगळी नेमात. सिस्टरांनी ती पानं जोडून विमा कंपनीच्या वरच्या कार्यालयात तक्रार केली. सात-आठ महिन्यांनी कंपनीनं दावा मान्य केला. अंबिकाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आई. आता तरी विसर ते." तिला मी मोहोळबद्दल पुढच्या दिवाळीत सांगितलं. तोवर ते माझं एकटीचं ठेवावंसं वाटलं.

बिल मात्र जुलैतच मिटलं. तडवळकरनं आम्हाला बोलावून घेतलं. वाढवलेले दर मागे घेतले होते, माझे दोन्ही चेक परत दिले, आणि नवं बिल छापून पुढे ठेवलं. आधी भरलेले पैसे वजा जाता आता एकतीस हजार उरले होते, तेवढे मी आणले होते. सिस्टरांनी पान पान तपासलं आणि मान हलवली. मी म्हटलं, "पंधरा तारीख दाखवा."

त्यांनी दाखवली. मी बोट ठेवून एकेक ओळ खाली गेले. "यात जेवण कुठंय?"

"काढलं ना, मॅडम," तडवळकर म्हणाला. "तुमचा आक्षेप होता त्यावर."

"परत घाला."

"काय?"

"जेवणाची ओळ परत घाला. बाकी सगळं खोटं होतं ते काढलंत, बरं केलंत. ते खोटं नव्हतं."

"मॅडम, एकशे चाळीस रुपये वाढतील. सगळं परत छापावं लागेल."

"छापा."

त्यानं सिस्टरांकडे बघितलं. मग त्यानं संगणकाकडे खुर्ची वळवली आणि टाइप करता करता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "नक्की दिलं होतं का जेवण?"

"हो," मी म्हटलं. "जेवले ते त्या दिवशी. वाटी पुरी संपवली."